बॉटला पाय नसतात

“कोरी आहे! तुझी साइट कोरी आहे, तडतड्या! कोऱ्या कागदाला फ्रेम करून टांगलीयेस भिंतीवर!”

ताई हे ओरडली तेव्हा तिच्या एका हातात फोन होता आणि दुसऱ्या हातात माझ्या टाळक्यात घालायला उचललेला लाकडी पाय. लाकडी पाय म्हणजे ज्याच्यावर चढवून बूट शिवतात तो साचा. आत्याच्या दुकानात असले पाय पार छतापर्यंत लटकलेत, त्यामुळे भांडण झालं की हत्यार शोधत बसावं लागत नाही.

“कोरी?” मी म्हटलं. “डोळे तपासून घे आधी. हे बघ. डाव्याचं माप टाकलं, उजव्याचं टाकलं, बटण दाबलं. आलं ना सगळं? फोटो आले, माहिती आली, पत्ता आला. ह्याला कोरी म्हणतात?”

“तू माप टाकलंस म्हणून आलं.”

“मग न टाकता कसं येणार? तुझ्या लायब्ररीत पुस्तकं न उघडता वाचतात का लोक?”

“पाय खाली ठेवा,” आत्या मशीनवरून म्हणाली, मान वर न करता. तिला नक्की कोणाचा पाय म्हणायचा होता ते कळलं नाही, कारण ताईच्या हातात लाकडी होता आणि माझा खराखुरा तिच्या स्टुलावर होता. दोघांनीही ठेवले.

आत्या म्हणजे माझ्या बाबांची मोठी बहीण. ताई तिची मुलगी, लायब्ररीत कामाला आहे, नवीन पुस्तक आलं की ते कशाकशाबद्दल आहे हे वाचून त्याची नोंद करते. आणि मी इथे आत्याकडे राहतो, दुकानात हाताखाली असतो. शाळा मी सोडली की शाळेने मला सोडलं, ह्यावर घरात दोन मतं आहेत. कॉम्प्युटर मात्र मी माझा मी शिकलोय, व्हिडिओ बघून बघून, आणि त्यात मला कोणी काही बोललं की माझं डोकं फिरतं.

आता आत्याचं काम सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. ज्यांचे दोन पाय एकसारखे नसतात त्यांच्यासाठी ती बूट बनवते. एक लांब एक लहान, एक रुंद एक अरुंद, एक पाय जमिनीला टेकतो आणि एक हवेतच राहतो, असले सगळे. अशी माणसं बाजारात गेली की एका बुटात कापूस कोंबतात नाहीतर दोन जोड घेऊन त्यातला एकेक टाकून देतात. आत्याकडे आली की नुसती चालत जातात.

तिच्या दुकानाच्या काचेत काहीच मांडलेलं नसतं. एक बूट नाही. लोक बाहेरून जाताना बघतात आणि दुकान बंद झालंय असं समजून पुढे जातात. मी कितीदा म्हटलं, काहीतरी ठेव काचेत. तर म्हणते, “कोणाचा बूट ठेवू? माणूस यायच्या आधी बूट नसतोच. माणूस येतो, कागदावर पाय ठेवतो, मग बूट सुरू होतो.”

आणि तिची आणखी एक रीत आहे. माप घेताना “लहान पाय”, “मोठा पाय” असं ती म्हणत नाही. “आखूड” तर तिच्यासमोर उच्चारायचंच नाही. “हा पाय” आणि “तो पाय”, बास. एकदा मी चुकून म्हणालो तर गिऱ्हाईक गेल्यावर माझ्या कानाची अशी काही पिळवणूक झाली की माझेच दोन कान वेगळ्या मापाचे झाले.

आधी तिच्याकडे हाडांचे डॉक्टर पेशंट पाठवायचे. ते डॉक्टर म्हातारे झाले, दवाखाना बंद करून मुलाकडे निघून गेले. नवीन डॉक्टरांना आत्या माहीतच नाही. माणसं येईनाशी झाली. जुनी गिऱ्हाइकं टाच लावायला, शिवण मारायला येतात, पण त्यावर दुकान कसं चालणार?

तेवढ्यात चौकातल्या त्या मोठ्या बुटांच्या दुकानाच्या मॅनेजरने तिला विचारलं. काचेचे दरवाजे, आत गारेगार, प्रत्येक जोडातले दोन्ही बूट एकाच मापाचे. आत्याने तिथे कोपऱ्यात बसायचं आणि लोकांना तयार बूट घालून दाखवायचे, सैल झाला तर आत तुकडा चिकटवून द्यायचा. शनिवारी तो फोन करणार होता, तेव्हा उत्तर द्यायचं.

आत्या जेवताना म्हणाली होती, “शनिवारपर्यंत एक तरी नवीन माणूस स्वतः शोधत आला, तर मी त्याला नाही म्हणेन. नाही आला, तर आपण समजायचं की आता कोणाला गरज नाही. हे लाकडी पाय माळ्यावर टाकू आणि सोमवारपासून मी तिकडे.”

हे तिने इतक्या शांतपणे सांगितलं की मी ताट बाजूला सारलं. कारण माणसं शोधत येण्यासाठी जी साइट होती ती मी बनवली होती. छाती ठोकून सांगितलं होतं मी, “आत्या, जगात कुठेही कोणी शोधलं ना, पहिली तूच दिसशील.” आणि साइट चालू होऊन इतके दिवस झाले तरी कुत्रं फिरकलं नव्हतं.

तर भांडणाचं मूळ हे.

माझी साइट कशी होती सांगतो. आत्याच्या दुकानासारखीच, मुद्दाम. आधी काहीच नाही. पेज उघडलं की एक ओळ, “जरा थांबा, आणतो”. मग माझा कोड जागा होतो, दोन चौकटी काढतो, एक डाव्या पायाच्या आकाराची, एक उजव्या. तुम्ही मापं टाकायची. मग तुमच्या पायांपुरतं सगळं तिथल्या तिथे बनतं. तुम्हाला कुठला तळ लागेल, टाच किती उंच, आत्याने आधी असे बूट कोणाला केले त्याचे फोटो. दहा माणसं आली तर दहा वेगळी पेजं. आधीपासून लिहून ठेवलेलं काहीही नाही. मला ते इतकं भारी वाटलं होतं की मी स्वतःच रोज वेगवेगळी मापं टाकून बघत बसायचो.

“भारी आहे,” ताई म्हणाली, आता जरा खालच्या आवाजात. “मी कुठे नाही म्हणतेय? पण मी सर्च केलं तेव्हा—”

“तू नीट सर्च केलं नसणार.”

“मी दिवसभर हेच करते, माकडा!”

इतक्यात दारातून आवाज आला, “इंजिनियर, तुझं ते अजून येतंय बघ.”

ड्रायव्हरकाका. आत्याचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. बस चालवायचे, आता घरी असतात. त्यांच्या डाव्या बुटाचा तळ चांगला जाडजूड आहे, आत्यानेच केलेला, आणि दर थोड्या दिवसांनी ते टाच बघून घ्यायला येतात. टाच झिजलेली असो नसो.

“काय येतंय, काका?”

“तुझं पेज. सकाळी उघडलं. त्यावर लिहिलंय, ‘जरा थांबा, आणतो’. मी थांबलो. नाश्ता झाला, थांबलो. फोन टेबलावर उभा करून ठेवला, बायकोला म्हटलं हात लावू नकोस, येतंय. जेवण झालं. ती म्हणाली, कोण आणणार आहे एवढं, चालत येतोय का तो?”

ताई खुदकन हसली. मी नाही हसलो.

“अहो, एवढा वेळ काय थांबायचं?”

“का? आयुष्यभर मी स्टॉपवरच्या लोकांना थांबायला लावलं. म्हटलं आता आपली पाळी आली.” त्यांनी फोन माझ्या हातात दिला. मुलाने वापरून टाकलेला जुना फोन, काच तडकलेली. आणि खरंच, पांढऱ्या पडद्यावर एकच ओळ. जरा थांबा, आणतो. चौकटी नाहीत, फोटो नाहीत, काही नाही.

माझ्या लक्षात आलं. फोन इतका जुना होता की माझा कोड त्याच्यावर चालतच नव्हता. आणि कोड काढून टाकला की माझ्या साइटमध्ये उरत काय होतं, तर ही ओळ.

मी कॉम्प्युटरकडे गेलो आणि पेजचा मूळ मजकूर उघडला, म्हणजे कोड चालायच्या आधी जे असतं ते. वर नावाच्या जागी “नवीन पान”, कारण नावही मी कोडनेच टाकत होतो. खाली “जरा थांबा, आणतो”. त्याखाली कोडच्या फाइलचा पत्ता. संपलं.

“आता हे बघ,” म्हणत ताईने तिचा फोन माझ्या नाकासमोर धरला. तिने सर्चमध्ये सरळ आमच्या साइटचा पत्ता टाकून बघितला होता. खाली निकाल आला होता. निळ्या अक्षरात “नवीन पान”. त्याच्याखाली, “जरा थांबा, आणतो.”

आयला. अख्ख्या जगाला आत्याबद्दल एवढंच माहीत होतं.

“सर्चचा बॉट असतो ना,” ताई सांगायला लागली, काकांकडे बघून, म्हणजे मला राग येऊ नये म्हणून, “तो सगळीकडे फिरतो आणि पेजं वाचतो. कुठल्या पेजवर कुठले शब्द आहेत ते स्वतःकडे लिहून ठेवतो. तुम्ही काही शोधलंत की तो तेव्हा पळत पळत बघायला जात नाही. स्वतःच्या नोंदीत बघतो. नोंदीत नाही ते सापडणार नाही. माझ्या टेबलावर एखादं पुस्तक आलं, आतली सगळी पानं कोरी, आणि वर चिठ्ठी, ‘वाचणारा आला की मजकूर उमटेल’. मी त्याची नोंद कशाखाली करू, सांगा?”

“भुताटकीखाली,” काका म्हणाले.

“पण बॉट कोड चालवतो!” मी उसळलो. “मी ऐकलंय! मोठे सर्चवाले कोडपण चालवून बघतात!”

“बघतात. लगेच बघतील असं नाही, रांगेत टाकतात, सवड मिळेल तेव्हा चालवतात. काही बॉट चालवतच नाहीत. बरं, समज आपल्या पेजचा चालवला. मग त्याला काय दिसेल?”

मी बघितलं. कोड चालल्यावर काय दिसतं? दोन रिकाम्या चौकटी आणि एक बटण.

“मग तो त्यात मापं टाकून—” मी म्हणायला लागलो आणि थांबलो.

आत्याने मशीनचं चाक हाताने थांबवलं. चष्मा कपाळावर सरकवला आणि अगदी साधेपणाने विचारलं, “का रे, त्या बॉटला पाय असतात?”

काका इतके हसले की त्यांना खोकला लागला. ताई टेबलावर डोकं ठेवून हसत होती. आणि मला तर असा संताप आला, असा संताप आला की मी उठलो आणि समोरच्या पेटीला सणसणीत लाथ मारली.

पेटीत लाकडी पाय भरलेले होते. ती हलली पण नाही.

“बस इथे,” आत्या म्हणाली. मला खुर्चीत बसवलं, मोजा काढला, अंगठा दाबून बघितला. मी किंचाळलो. “मोडलं नाही. सुजणार मात्र.” मग सवयीने तिने खाली खाकी कागद सरकवला, पेन्सिल घेतली, माझे दोन्ही पाय आखले आणि कागद उजेडात धरला. “बघ. हा पाय आणि तो पाय. झाले वेगळे. ताई, लिहून घे, नवीन गिऱ्हाईक आलं.”

“हे शनिवारच्या अटीत धरायचं का?” काकांनी विचारलं.

मग मात्र मलाही हसू आलं. फार वेळ रागवून बसताच येत नाही ह्या घरात, तेच वाईट आहे.

पाय थंड पाण्याच्या बादलीत घालून मी त्याच दिवशी कामाला लागलो. काय करायचं ते कळलं होतं. कोडने ऐन वेळी बनवायचं ते आधीच बनवून ठेवायचं. प्रत्येक गोष्टीचं स्वतंत्र पेज, प्रत्येकाला स्वतःचं नाव, स्वतःचा पत्ता. जाड तळाच्या बुटाचं एक. दोन मापांच्या जोडाचं एक. माप कसं घेतात त्याचं एक. दुकानात यायचं कसं त्याचं एक. एका पेजवरून दुसऱ्यावर जायला बटणाचा खेळ नाही, साधी सरळ लिंक, म्हणजे बॉट तिच्या मागे मागे जाईल. शब्द पेजमध्येच बसलेले, कोड चालो न चालो. काकांच्या फोनवरही दिसले पाहिजेत. आणि माझ्या त्या दोन चौकटी? त्या खाली ठेवल्या. काढणार नव्हतोच. ज्याला पाय आहेत त्याने खेळावं.

पण शब्द कुठले लिहायचे, ह्यावर पुन्हा जुंपली.

मी लिहिलं होतं, “आमच्याकडे विशेष गरजेनुसार पादत्राणे बनवून मिळतील.”

“पादत्राणे?” ताई किंचाळली. “रात्रंदिवस पाय दुखणारा माणूस फोन घेऊन ‘पादत्राणे’ लिहिणार आहे? बूट लिही. चप्पल लिही. तो काय लिहून शोधेल ते लिही.”

“काय लिहून शोधेल?”

तिने आत्याकडे बघितलं. मीही आत्याकडे बघितलं. आम्हा दोघांना तो शब्द माहीत होता.

“नाही,” आत्या म्हणाली. “तो शब्द माझ्या दुकानात नाही, आणि दुकानाच्या पेजवरही नाही. माणूस आधीच तो शब्द जन्मभर ऐकून आलेला असतो. माझ्याकडे येतो तोच मुळी तो ऐकायला लागू नये म्हणून.”

“पण आत्या, तो शब्द नसेल तर तो येणारच नाही ना!”

“मग नाही येणार.”

झालं. आत्या “नाही” म्हणाली की ते खिळा ठोकल्यासारखं असतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात ताईने माझ्या सुजलेल्या पायाला हळूच धक्का दिला, गप्प बस म्हणून.

काका टाच बघायला आलेले होते, पुन्हा. बाकावर बसून हे सगळं ऐकत होते.

“मालकीणबाई,” ते म्हणाले, “एक विचारू? मी तुमच्याकडे पहिल्यांदा कसा आलो?”

“डॉक्टरांनी पाठवलं.”

“डॉक्टरांना मी काय सांगितलं ते तुम्हाला ठाऊक नाही. मी म्हणालो, डॉक्टर, माझा डावा पाय आखूड आहे, क्लचपर्यंत पोचत नाही, बस कशी चालवू? अस्संच म्हणालो. कोणी तोंडात घातलं नव्हतं माझ्या. तुम्ही म्हणता ‘हा पाय, तो पाय’, ते मला आवडतं. इथे आलो की बरं वाटतं. पण इथे यायच्या आधी माझ्याकडे दुसरा शब्द नव्हता. मी आज शोधायला बसलो तर तोच लिहीन. मला त्याची लाज नाही. तुम्हाला कशाला माझ्या वतीने?”

आत्या बराच वेळ हातातल्या चामड्याच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिली.

“तुमचा शब्द आहे,” शेवटी म्हणाली. “तुमच्या तोंडी असू दे. माझ्या तोंडी घालायचा नाही.”

तसंच केलं. जाड तळाच्या पेजवर वर आत्याची भाषा, हा पाय आणि तो पाय, आणि खाली काकांचा फोटो, बुटांसकट, आणि त्यांचंच बोलणं. “माझा डावा पाय आखूड. क्लचपर्यंत पाय पोचत नव्हता. ह्या बुटाने पोचला. पुढे निवृत्त होईपर्यंत बस चालवली आणि एकदाही कोणाला ठोकलं नाही.” शेवटचं वाक्य नको म्हणत होतो मी. काका म्हणाले, ते नसेल तर फोटो परत दे.

मग दुसऱ्या गिऱ्हाइकांकडेही गेलो मी, लंगडत लंगडत. शिंपीणबाईंनी सांगितलं, “एका पायाला बूट होतो, दुसऱ्याला होत नाही, असं लिही.” भाजीवाल्या आजोबांनी सांगितलं, “दोन जोड विकत घेऊन एकेक फेकायचो, ते लिही.” ज्याचं त्याचं बोलणं ज्याच्या त्याच्या पेजवर. मी फक्त टाइप केलं. आणि मला हे आधी का सुचलं नाही ह्याचाच राग येत होता, कारण सगळे किती छान बोलत होते. माझा कोड असलं काही बनवू शकला नसता.

सर्चवाल्यांकडे साइटच्या मालकासाठी एक जागा असते, तिथे सांगता येतं की बाबांनो, पेज बदललंय, पुन्हा येऊन बघा. ते सांगितलं. पण कधी येतील ते त्यांच्या मर्जीवर.

आणि मग वाट बघणं. ते मला जमत नाही. साइटवर कोण येऊन गेलं ते मला दिसतं, तर मी आरीने भोक पाडायचं सोडून सारखा तेच बघायचो. शेवटी एकदाचा दिसला तो. आला, पेजं एकामागून एक उघडली, लिंकच्या मागे मागे बरोबर गेला आणि निघून गेला.

“आला होता! बॉट आला होता!” मी ओरडलो.

“बसायला सांगितलंस का?” आत्या म्हणाली.

तरी सर्चमध्ये काही दिसेना. मी शोधायचो, नाही. परत शोधायचो, नाही. ताई म्हणाली, तूच दिवसभर शोधत बसलास तर त्यांना वाटेल जगात एकाच माणसाचे पाय वेगळे आहेत. शुक्रवारी संध्याकाळी आत्या माळ्यावर जागा करायला लागली. जुन्या पेट्या एका बाजूला सारत होती. मी खालून शिडी धरून उभा होतो आणि मला इतकं रडू येत होतं की मी उगाचच शिडीवर चिडलो, नीट उभी राहत नाही म्हणून.

आज शनिवार.

सकाळी डोळे उघडल्या उघडल्या मी फोन घेतला आणि “डावा पाय आखूड बूट” टाकलं. वर काही दुकानं, मग डॉक्टरांची पेजं, मग कोणाचा तरी लांबलचक लेख, आणि त्याच्याखाली निळ्या अक्षरात आत्याच्या दुकानाचं नाव. खरं नाव! “नवीन पान” गेलं होतं. आणि खाली दोन ओळी, “क्लचपर्यंत पाय पोचत नव्हता. ह्या बुटाने पोचला.”

मी ताईला हलवून उठवलं. तिने बघितलं आणि मला मिठीच मारली, मग लगेच म्हणाली, “तोंड धुतलंस का?” काकांना फोन केला तर त्यांनी आधी विचारलं, फोटो दिसतो का? फोटो सर्चमध्ये दिसत नव्हता. थोडे नाराज झाले.

आत्या मात्र म्हणाली, “दिसतं हे छान झालं. पण माणूस कुठाय?”

बरोबर होतं तिचं. दिसणं वेगळं आणि येणं वेगळं. मॅनेजर दुपारी फोन करणार होता. हो म्हणावं लागलं तर लगेच तिकडे जाऊन यायला आत्याने बाहेर जायचे कपडे घातले होते. दुकानात आम्ही तिघं बसलो होतो, आणि फोन वाजला. सगळ्यांना वाटलं, मॅनेजर. मीच उचलला.

“हॅलो,” एक माणूस म्हणाला, दबकत. “ते, क्लचवाल्या ड्रायव्हरचे बूट तुम्हीच केले ना?”

“हो, हो,” म्हटलं. “आम्हीच.”

“माझ्या मुलीला सायकल शिकायचीये. तिचा उजवा पाय पेडलला पोचत नाही. मी सगळीकडे शोधलं. शेवटी ‘पाय पोचत नाही बूट’ असं लिहिलं तर तुमचं आलं. आम्ही बसमध्येच आहोत. ती घरी थांबायलाच तयार नव्हती. तुमची गल्ली कुठेशी येते?”

“तुम्ही स्टॉपवर उतरा,” मी म्हटलं. “तिथेच उभे राहा. मी घ्यायला येतो. गल्ली सापडत नाही कोणाला.”

फोन ठेवला आणि सांगितलं. आत्या उठली, बाहेर जायचे कपडे घातलेले तसेच राहू दिले आणि वरून कामाचा एप्रन बांधला. खाकी कागद काढला. पेन्सिलीला टोक केलं. मग चांगलं असलेलं टोक मोडून पुन्हा केलं.

बसला अजून वेळ आहे. मी इतक्या येरझाऱ्या घातल्या की ताईने मला धरून कॉम्प्युटरसमोर बसवलं, म्हणाली, दुकानात यायच्या रस्त्याचं पेज अगदीच रुक्ष झालंय, हात शिवशिवतायत तर काहीतरी लिही. म्हणून हे लिहायला बसलो, आणि रस्ता राहिला बाजूला.

आत्ताच परत फोन वाजला. ह्या वेळी मॅनेजर. आत्याने फोन कानाला लावला, दाराकडे बघितलं, आणि काय म्हणाली माहितीये? म्हणाली, “जरा थांबा. हातात माप आहे.” आणि फोन खणात टाकून खण लावून घेतला. आतून तो अजून हॅलो हॅलो करतोय.

कोपऱ्यावर बसचा हॉर्न वाजला. मला निघायला हवं आता.